परक्या फौजेचे कायदे

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंच्या फौजा एकाच घडणीच्या असतात. पांढऱ्याचा घोडा जशी अडीच घरांची उडी घेतो तशीच काळ्याचाही घेतो. एकाचा उंट तिरपा चालतो म्हणून दुसऱ्याचाही तिरपाच चालतो. त्यामुळे स्वतःच्या मोहऱ्यांच्या चाली ज्याला आल्या, त्याला प्रतिपक्षाच्या चाली वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. आपल्याकडील जुना देशी डाव आणि विलायती डाव यांत फरक होते. देशी डावात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे बहुधा मिळत नसत आणि राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. परंतु पट मांडण्यापूर्वी कोणता डाव खेळायचा एवढे ठरले, की दोघांनाही एकच कायदा लागू होत असे.

इंग्लंडात १९८३ साली निघालेला 'वॉरहॅमर' हा टेबलावरील युद्धखेळ मात्र अगदी निराळ्या तत्त्वावर उभा आहे. त्यात बोटाएवढ्या पुतळ्यांच्या काल्पनिक फौजा असतात, अंतर फूटपट्टीने मोजतात आणि माऱ्याचा परिणाम फाशांनी ठरतो. यक्षसदृश धनुर्धर, खुजे लोहार, राक्षसांच्या झुंडी, कबरीतून उठलेले सांगाडे अशा प्रत्येक फौजेचे कायद्यांचे पुस्तक स्वतंत्र. सांगाड्यांची फौज भीतीने पळत नाही. मात्र तिला चालविणारा मांत्रिक पडला, की ती जागच्या जागी ढासळू लागते. राक्षसांची झुंड संख्येने मोठी, पण आपसांत भांडण्यात तिचा वेळ जातो. आपले पुस्तक पाठ करून टेबलाशी बसणारा नवखा खेळाडू म्हणूनच पहिले काही डाव हरतो. समोरच्याचे पुस्तक वाचल्यावाचून त्याला खेळ येत नाही. या खेळांचे मूळ प्रशियाच्या सैन्यात सापडते. राइसविट्झ या तरुण तोफखाना अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन रचलेला 'क्रीगश्पील' तेथील अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. म्हणजे जे आज करमणुकीचे आहे ते आरंभी शिक्षण होते, आणि त्या शिक्षणाची गरज प्रत्यक्ष रणांगणाने निर्माण केली होती.

ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला या विषयात रस वाटावा याचे कारण दूर शोधावयास नको. आपण ज्या वस्तीत राहतो तिचे नावच लश्कर. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि तंबूंच्या जागी वाडे उठले. जयेंद्रगंज, कंपू ही या शहराची पुढची वाढ. त्यांपैकी 'कंपू' हा शब्द तर शिंदेशाहीच्या कवायती पलटणींचा. मराठीत आज तो चार टाळक्यांच्या टोळक्याला लावतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो ऐकून जयपूर-जोधपूरचे दरबार सावध होत. परक्या फौजेचे कायदे शिकण्याचा उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत मोठा प्रयोग शिंद्यांच्या दरबाराने केला. तो कोठवर साधला आणि कोठे अपुरा राहिला, हे आपण ज्या घरांतून राहतो त्या घरांच्या इतिहासाचेच एक प्रकरण आहे.

या प्रयोगाचा पहिला धडा पानिपतचा. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांच्या एकाच फौजेत दोन कायदे नांदत होते. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पलटणी आणि तोफा घेऊन 'गोला'च्या लढाईसाठी उभा होता. या पद्धतीत प्रत्येक तुकडीने आपली जागा धरून ठेवावयाची, तोफांच्या आडोशाने पुढे सरकावयाचे आणि मारा चालू असता कोणी मध्ये यावयाचे नाही. मराठी स्वाराचा कायदा याच्या उलट होता. फट दिसली की घोडा घालावा, जमले नाही तर मागे फिरून पुन्हा यावे. गारद्यांचा मारा लागू पडत असतानाच विंचूरकर आणि गायकवाड यांची पथके जागा सोडून पुढे धावली, आणि गोल तेथे मोडला. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावरील आपल्या ग्रंथात या विसंगतीचा ऊहापोह केला आहे. आमच्या विषयापुरते सांगावयाचे तर, शत्रूच्या फौजेचा कायदा अपरिचित असणे ही एक अडचण होती. पण आपल्याच फौजेच्या अर्ध्या भागाचा कायदा उरलेल्या अर्ध्याला ठाऊक नसणे ही त्याहून घातक होती.

त्या दिवशी पाय कायमचा अधू होऊन, राणेखान नावाच्या भिस्त्याच्या मदतीने बचावलेला तरुण म्हणजे महादजी शिंदे. पुढील तीस वर्षांत त्यांनी जे केले ते पाहता पानिपतचा हा भाग ते विसरले नसावेत असे वाटते.

दुसरा धडा वडगावचा. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना घेऊन घाट चढून आली. लढाऊ माणसे सुमारे चार हजार आणि त्यांच्यामागे सामानाचे एकोणीस हजार बैल. महादजींनी समोरासमोर रांगा मांडण्याचा मोह टाळला. वाटेवरचा चारा जाळला, तळेगाव रिकामे करून पेटविले आणि स्वारांनी फौजेला चोहोंकडून वेढले. कवायती पलटण रणात अभेद्य असली तरी ती बैलाच्या गतीने चालते आणि बैल चाऱ्यावर चालतो, हा त्या फौजेचा पुस्तकात न लिहिलेला कायदा त्यांनी अचूक वाचला होता. इंग्रजांना वडगावला तह करावा लागला.

परंतु परका कायदा वाचणारे एकटे महादजीच नव्हते. पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री, कॅप्टन पॉपहॅमने आपला ग्वाल्हेरचा किल्ला शिडी-दोरांनी घेतला. किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता आणि असा कडा चढून कोणी येत नाही हा पहाऱ्याचा समज होता. गडावर चोरीसाठी चढणाऱ्या लोकांकडून वाट समजून घेऊन, शिपायांच्या पायांत कापूस भरलेले जोडे घालून इंग्रजांनी तो समज खोटा पाडला. दोन वर्षांनी, १७ मे १७८२ रोजी, येथून जवळच असलेल्या सालबाई गावी तह झाला. त्या तहाचे मध्यस्थ आणि हमीदार महादजी होते. दोन्ही पक्षांनी एकमेकांना पुरते ओळखले होते, असे त्या तहावरून दिसते.

तिसरा धडा सर्वांत कडू आणि तितकाच मोलाचा होता. दिल्लीच्या बादशाहीची मुखत्यारी हाती आल्यावर तिच्याबरोबर मोगली पलटणीही महादजींकडे आल्या. जुलै १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत, जयपूर-जोधपूरच्या फौजा समोर असता, याच पलटणी तोफांसह प्रतिपक्षाला जाऊन मिळाल्या. त्यांचा पगार थकला होता. महादजींना चंबळेच्या दिशेने हटावे लागले. मराठी शिलेदाराचा हिशेब वेगळा असे. घोडा त्याचा, हत्यार त्याचे, वतनाची आशा त्याला. वर्षाचा पगार सहा महिने रखडला तरी तो निशाण सोडीत नसे. पलटणीच्या शिपायाजवळ महिन्याच्या पगाराखेरीज काहीच नव्हते. बंदूक, डगला, कवायत हे सारे दिसणारे भाग असले, तरी त्या फौजेला उभे ठेवणारा कायदा खजिन्यात होता.

सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावचा बेन्वा डी बॉयन १७८४ साली शिंद्यांच्या चाकरीत आला. प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणी उभ्या करणे हे त्याचे पहिले काम. लालसोटच्या धावपळीत या पलटणी मोडल्या नाहीत, हे महादजींनी पाहिले, आणि पुढे त्यांनी दिलेली मोकळीक त्या अनुभवातून आली असावी. वाढत वाढत तीन कंपू झाले. प्रत्येकात पलटणी, तोफा, थोडे घोडदळ आणि सामानाची स्वतंत्र व्यवस्था होती. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुआबातील अलीगडकडचा सुपीक मुलूख केवळ फौजेच्या पगारासाठी तोडून दिला गेला. पगार महिन्याच्या महिन्याला मिळू लागला. जखमी शिपायाला जखमेच्या मानाने बक्षीस, बरा होईतो चालू पगार, कायमचा अपंग झाल्यास निवृत्तिवेतन अशी तरतूद होती. त्या काळच्या किती राजांच्या फौजांत हे होते, याचा वाचकांनी विचार करावा.

फळ लौकरच दिसले. २० जून १७९० रोजी पाटणला आणि १० सप्टेंबर १७९० रोजी मेडत्याला राजपुतांचा पराभव झाला. मेडत्याला राठोडांचे स्वार पलटणींवर तुटून पडले, तेव्हा डी बॉयनने शिपायांचा पोकळ चौकोन बांधला. चारी बाजूंना संगिनी आणि बंदुका. घोड्याला शिरण्यास वाट नाही. राठोड पुनःपुन्हा आले आणि पुनःपुन्हा पडले. त्यांच्या शौर्यात कसूर नव्हती. परंतु समोरच्या फौजेला पाठ नसते, हे त्यांच्या युद्धशास्त्रात नव्हते. पानिपतावर मराठी स्वारांनी जो कायदा मोडला, तोच तीस वर्षांनी मराठ्यांच्या पदरच्या पलटणींनी राजपुतांना शिकविला.

येथपर्यंतची कथा आपण अभिमानाने सांगतो. पुढचा प्रश्न अडचणीचा आहे, म्हणून तो सहसा विचारला जात नाही. ही विद्या नेमकी कोण शिकले?

पलटणींतील शिपाई, म्हणजे तिलंगे आणि नजीब, मुख्यतः अंतर्वेद, अयोध्या, रोहिलखंड अशा भागांतील लोक होते. अधिकारी फ्रेंच, सॅव्हॉयी, हनोव्हरचे जर्मन, स्कॉच, आयरिश आणि मिश्र वंशाचे. मराठी माणूस या व्यवस्थेत होता तो फडावर, खजिन्यात, वकिलातीत आणि घोडदळात. आपल्यापैकी बहुतेक घराण्यांचे मूळपुरुष याच वाटांनी उत्तरेत आले. पायी चालणाऱ्या पलटणीची अधिकारी-विद्या शिकावी, तिची भाषा, तिचे नकाशे, तिचे हुकूम आत्मसात करावे, असे सरदार घराण्यांतील मुलांना वाटले नाही आणि दरबारानेही त्यासाठी शाळा काढली नाही. पागेचा मान पायदळाला नव्हता. तोफा आपण ओतल्या, पगार आपण दिला, मुलूख आपण तोडून दिला. कायद्याचे पुस्तक मात्र भाड्याच्या वाचकाच्या हाती राहिले.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस महादजींचा मृत्यू झाला. वर्षा-दोन वर्षांत डी बॉयनही प्रकृतीच्या कारणाने निघून गेला. जाताना त्याने दौलतरावांना इंग्रजांशी लढू नये, त्यांना संशय येण्यापेक्षा पलटणी मोडलेल्या बऱ्या, असा सल्ला दिल्याचे सांगतात. त्याच्या जागी पेराँ आला. त्याच्या काळात कंपूंचा उपयोग घरातल्या भांडणासाठी होऊ लागला. महादजींच्या विधवांचा पक्ष घेणाऱ्या लखबादादा लाडांवर १८०१ साली दतियाकडील सेवढ्याजवळ चालून गेल्या त्या शिंद्यांच्याच पलटणी. मराठी सरदार आणि कवायती फौज यांच्यातील पानिपतावरची दरी आता वैरात बदलली होती.

दरम्यान समोरचा खेळाडू आपले पुस्तक वाचीत होता. आर्थर वेलस्ली याने १८०० साली धोंडजी वाघाचा कर्नाटकात पाठलाग करताना हलक्या घोडदळाची रीत जवळून पाहिली. तिच्यावर त्याने काढलेला उतारा साधा होता. पावसाळ्यात नद्या भरल्या म्हणजे स्वार अडतो. ज्याच्याजवळ नावा आणि धान्याचे कोठार आहेत त्याला नदी अडवीत नाही. म्हणून १८०३ चे युद्ध त्याने ऑगस्टमध्ये सुरू केले आणि १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेऊन कोठार साधले. वडगावला बैलांमुळे झालेली फजिती इंग्रज विसरले नव्हते.

त्याच महिन्यात कलकत्त्याहून एक जाहीरनामा निघाला. शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांना कंपनी सरकार वेतन देईल, असा त्याचा आशय होता. अनेकांनी चाकरी सोडली. ल्यूकन नावाचा एक आयरिश अधिकारी शिंद्यांकडून निघून इंग्रजांना मिळाला आणि ४ सप्टेंबरला अलीगडच्या किल्ल्यावरील हल्ल्यात दरवाजाची वाट त्यानेच दाखविली. पेराँही स्वतः कंपनीच्या आश्रयास गेला. ज्याच्या हाती पुस्तक होते, तो पुस्तक घेऊनच गेला.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईला पोलमन या हनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली पलटणी उभ्या होत्या. केळणा नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले होते. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसताच वेलस्लीने मनाशी ठरविले, की अशा गावांमध्ये उतार असलाच पाहिजे, आणि तो खरोखरच होता. इंग्रज बगलेवर आलेले पाहून पोलमनने सबंध रांग काटकोनात फिरविली. ही हालचाल इतकी सफाईची झाली, की वेलस्लीलाही ती अनपेक्षित होती. गोलंदाज मेल्याचे सोंग करून पडले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. मात्र पायदळ असे झुंजत असता मराठी घोडदळाचा मोठा भाग बाजूला राहिला. एका फौजेत दोन कायदे, आणि दोघांची गाठ नाही. पानिपत पुन्हा घडले.

यानंतरचा प्रसंग आम्हांला या सर्व इतिहासात सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवरजवळ लासवारीला लेकची गाठ शिंद्यांच्या उरलेल्या पलटणींशी पडली. त्यांचे युरोपीय अधिकारी निघून गेलेले होते. मांत्रिक पडला की सांगाडे ढासळतात, या हिशेबावरच कलकत्त्याचा जाहीरनामा बेतलेला होता. प्रत्यक्षात पलटणी ढासळल्या नाहीत. त्यांनी रांगा बांधल्या, तोफा मांडल्या, आणि संगिनी अंगाला भिडेपर्यंत गोलंदाज तोफांपासून हलले नाहीत. लेकने वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात, फ्रेंच अधिकारी असते तर निकाल फार संशयास्पद झाला असता आणि आपण अशा बिकट प्रसंगात पूर्वी कधी सापडलो नव्हतो, अशी कबुली दिली आहे. इंग्रजांनी महादजींचे पुस्तक नीट वाचले होते, पण एक पान त्यांच्या नजरेतून सुटले. अंतर्वेदीतल्या शेतकऱ्याच्या मुलाने दहा-पंधरा वर्षांत तो परका कायदा स्वतःचा केला होता. जी विद्या सरदारांनी उसनी ठेवली, ती शिपायाने अंगात मुरविली. त्याला हुकूम देऊ शकेल असा घरचा माणूस मात्र कोणी तयार केला नव्हता.

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दुआब गेला, म्हणजे पगाराचा मुलूखच गेला. तरीही ग्वाल्हेरची पलटण आणि तोफखाना पुढे चाळीस वर्षे टिकला. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार येथे त्याची शेवटची परीक्षा झाली. महाराजपूरला इंग्रज इतके निश्चिंत होते, की गव्हर्नर जनरल आणि काही बायका हत्तींवर बसून तोफांच्या टप्प्यात आल्या. लढाई जिंकूनही त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. जिंकलेल्या तोफांच्या धातूचे तारे करून त्यांनी आपल्या सैनिकांना पदके म्हणून वाटले. पुढच्या तहाने दरबारची फौज नऊ हजारांवर आणली गेली आणि दरबारच्या पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, कंटिन्जंट उभी राहिली. त्याच कंटिन्जंटने १८५७ च्या जूनमध्ये बंड केले आणि तिचा मोठा भाग तात्या टोपे यांच्या निशाणाखाली लढला. त्याची हकीकत फुलबागेतल्या समाधीपाशी येऊन थांबते आणि ती सर्वांना ठाऊक आहे.

हा सारा इतिहास जय-पराजयाच्या तक्त्यात बसवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला त्यात परक्याकडून शिकण्याच्या दोन पायऱ्या दिसतात. वडगावला महादजींनी परका कायदा ओळखून त्याची उणीव हेरली, आणि डी बॉयनला नेमून त्या कायद्याचे बळ आपल्याकडे घेतले. या दोन्ही गोष्टी एका असामान्य माणसाच्या बुद्धीने साधल्या. तिसरी पायरी, म्हणजे ती विद्या आपल्या मुलांच्या हाती देणे, ही एका माणसाची नव्हती, समाजाची होती. आणि ती चढलीच गेली नाही. दोनशे वर्षे परभाषेच्या प्रदेशात राहून तिच्या रीतीभाती शिकलेल्या आपल्या घराण्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. बाजारापुरती हिंदी बोलणे आणि त्या भाषेत घर करणे यांतील अंतर आपल्या आज्या-पणज्यांनी अनुभवलेले आहे.

लासवारीला पडलेल्या शिपायांची नावे छापील इतिहासांत मिळत नाहीत, अधिकाऱ्यांची मिळतात. शिंद्यांच्या फडावर पगाराचे आणि हजेरीचे कागद मोडीत लिहिणारे हात आपल्याच पूर्वजांचे होते. लश्करातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पेट्यांतून आणि रुमालांतून अशा कागदांपैकी काही अजून असतील. ज्यांच्या घरी ते असतील त्यांनी ते रद्दीत जाऊ न देता एकदा मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावेत, एवढीच आमची विनंती आहे. एखाद्या हजेरीपटावर एखाद्या तिलंग्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याला दरमहा दिलेले रुपये सापडले, तर ज्याने हे पुस्तक खरोखर वाचले होते त्या वाचकाचे नाव तरी आपल्याला कळेल.